फोटोखालच्या चार ओळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ महिना होता. भाताची लावणी नुकतीच आटपली होती. आमचा रात्रीचा वर्ग शाळेच्या पडवीत भरत असे. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. पागोळ्यांचा आवाज एवढा, की मोठ्याने बोलावे लागत होते.

वर्गातल्या एक काकी मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे बघा. माझ्या पोरानं फोटो धाडलेत."

काकींचा मुलगा जहाजावर खलाशी आहे. त्याचे जहाज तेव्हा इराण देशातल्या बंदर अब्बास या गावी लागले होते. एक दिवस सुट्टी मिळाली. तो आणि त्याचा सोबती गाव बघायला गेले. तिथून त्याने आईला फोटो पाठवले.

आम्ही सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. एका फोटोत मुलगा हसत उभा होता. एका फोटोत खजुरांचे ढीग होते. एका फोटोत समुद्र होता. "समुद्र आपल्यासारखाच की!" कोणीतरी म्हणाले.

मग एक निराळाच फोटो आला. सपाट, उघडी जमीन. झाड नाही, गवताची काडी नाही. रखरखीत ऊन. आणि मधोमध जमिनीवर ठेवलेल्या उलट्या टोपासारखा एक गोल घुमट. घुमटाला छोटेसे दार. जवळ माणूस नाही, काणूस नाही. फोटोखाली एक अक्षरही नाही.

"हा दर्गा असणार," एक जण म्हणाला.

"छे, चुन्याची भट्टी असेल," दुसरा म्हणाला.

"मला तर कणगी वाटते. धान्य ठेवत असतील," एक वहिनी म्हणाल्या.

"गुरुजी, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? मलाही ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "काकी, फोटो ज्याने काढला त्यालाच विचारा. पण फोन करून नको. लिहून विचारा."

काकी दचकल्या. सहा महिने त्या वर्गाला येत होत्या. नाव लिहीत, गावाचे नाव लिहीत. दुकानाची पाटी वाचीत. पण आपल्या मनातली गोष्ट आपल्या हाताने लिहून त्यांनी कोणाला कधी धाडली नव्हती. त्या म्हणाल्या, "अक्षर वाकडं येतं. पोर हसंल."

"हसू दे," मी म्हणालो. "हसला तर बरेच झाले."

काकींनी पाटी घेतली. बराच वेळ लागला. शेवटी तीन ओळी झाल्या. 'हे काय हाय. कुठं हाय. तू बरा आहेस का.' आम्ही त्या पाटीचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. काकींनी ते वर्गात स्वतः वाचून दाखवले. अडखळत, पण सगळे वाचले.

'आई, मी बरा आहे. हे बंदर अब्बासच्या बाहेर आहे. ह्याला इथे बर्के म्हणतात. ही पावसाच्या पाण्याची टाकी आहे. उतारावरून पाणी आत येते. वर घुमट आहे म्हणून ऊन लागत नाही, धूळ पडत नाही. नळ येण्याआधी लोक हेच पाणी पीत. मी इथल्या गाडीवाल्याला विचारून लिहिले. पाटीवरचं अक्षर तुझंच ना?'

शेवटची ओळ वाचताना काकी थांबल्या. पदराने डोळे पुसले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

मंडळी, फोटो तोच होता. काल आम्ही त्याला दर्गा म्हणत होतो, भट्टी म्हणत होतो. चार ओळी आल्या आणि आज त्याचे पाणी झाले. ज्यांच्या वाडीला वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ते त्या घुमटाकडे आता निराळ्याच डोळ्यांनी पाहू लागले. एक आजोबा म्हणाले, "तिथं पाऊस नाय, तरी टाकी. आपल्याकडं पाऊस हाय, टाकी नाय."

त्या रात्री वर्ग उशिरापर्यंत चालला.

दाभोळहून गेलेला पाहुणा

फोटो ही अलीकडची गोष्ट. पूर्वी फोटो नव्हते, मोबाइल नव्हता. तेव्हा लांबचा प्रवास करणारा माणूस घरच्यांना काय दाखवी? लिहिता येत असेल तर तो लिहून ठेवी. नाहीतर त्याने पाहिलेले त्याच्याबरोबरच जाई.

अशाच एका प्रवाशाची गोष्ट आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशी तिचा संबंध आहे.

दाभोळ तुम्हाला माहीत आहे. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथले हे बंदर. आज तिथून खाडीपलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. पण साडेपाचशे वर्षांपूर्वी दाभोळ फार मोठे बंदर होते. तिथे बहामनी सुलतानांचा अंमल होता. इराणातून, अरबस्तानातून जहाजे येत. घोडे उतरत. कापड, मिरी, मसाले चढत. बहामनी राज्याचा पुढे मोठा वजीर झालेला महमूद गवान हा मूळचा इराणचा. तो सन १४५३च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळलाच उतरला होता.

त्यानंतर काही वर्षांनी अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी आपल्या मुलखात आला. तो सरदार नव्हता, पंडित नव्हता. साधा व्यापारी होता. त्याचे गाव त्वेर. ते व्होल्गा नदीच्या काठी आहे. माल घेऊन तो नदीने निघाला. वाटेत लुटारूंनी गाठले. माल गेला. बरोबरची पुस्तकेही गेली. घरी परत जावे, तर डोक्यावर कर्ज. म्हणून तो पुढे निघाला आणि इराणात शिरला.

इराणाचा मधला भाग म्हणजे मोठे वाळवंट. त्या वाळवंटाच्या कडेकडेने व्यापाऱ्यांची वाट जाई. काशान, नाइन, यझ्द, सिरजान, तारोम, लार अशी एकामागून एक गावे लागत. शेवटी समुद्र आणि होर्मुझचे बेट. निकितिन या वाटेने गेला. होर्मुझला घोड्यासह जहाजात बसला आणि आपल्या किनाऱ्यावर चौलला उतरला. चौल आज रायगड जिल्ह्यात आहे. तिथून तो जुन्नरला गेला, बिदरला गेला. काही वर्षे राहिला आणि मग दाभोळला येऊन परतीच्या जहाजात बसला.

वाऱ्याने ते जहाज भलतीकडेच नेले. ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी दिली, म्हणून जहाज लुटले गेले नाही. पुढे निकितिन पुन्हा इराणात गेला. पुन्हा यझ्दवरून, काशानवरून उत्तरेकडे चालला. आपल्या देशाच्या जवळ पोहोचला, पण घर काही गाठता आले नाही. वाटेतच तो वारला.

माणूस गेला. पण त्याची टिपणे राहिली. काही व्यापाऱ्यांनी ती सन १४७५मध्ये मॉस्कोला पोहोचवली. तिथे त्यांच्या नकला झाल्या. आज जगातल्या कित्येक भाषांत ती वाचता येतात. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ती ओळखली जातात. सन १९५७मध्ये त्याच्यावर 'परदेशी' नावाचा सिनेमा निघाला. चौलशेजारच्या रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे.

त्या काळी दाभोळला हजारो माणसे आली नि गेली. त्यांत त्याच्याहून श्रीमंत पुष्कळ होते. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? निकितिनचे नाव राहिले, कारण त्याने लिहिले.

काय लिहिले, काय राहून गेले

आता नीट ऐका. ह्या धड्याचे खरे म्हणणे इथे आहे.

निकितिनने तारोम गावाविषयी लिहिले, की तिथे गुरांना खजूर चारतात. खजुराचा भावही लिहिला. एवढीशीच गोष्ट! पण ती वाचताच गाव डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्याकडे खजूर उपासाला मोजून खातात. तिथे गुरांपुढे टाकतात!

होर्मुझविषयी त्याने लिहिले, की तिथले ऊन माणसाला जाळून काढते. समुद्र दिवसातून दोनदा वर चढतो आणि उतरतो, हेही लिहिले. तुम्हा-आम्हाला भरती-ओहोटीचे काय नवल? पण तो नदीकाठचा माणूस. त्याला नवल वाटले, ते त्याने लिहिले.

आपल्या पावसाविषयीही त्याने लिहिले. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल! हे वाचून आपल्याला हसू येते. आपला पाऊस परक्या माणसाच्या डोळ्यांनी दिसतो.

आणि यझ्दविषयी? यझ्दला तो जाताना एक महिनाभर राहिला. पण राहिलो, एवढेच त्याने नोंदले. लोक कसे राहतात, पाणी कुठून आणतात, घरे कशी आहेत, याविषयी एक ओळ नाही.

खजुराला दोन ओळी मिळाल्या, म्हणून खजूर राहिले. यझ्दचा पुरा महिना मात्र गेला. पायांनी गाव पाहिले, पण कागदावर उतरले नाही.

त्याचे काय राहून गेले, हे पाहावे असे आमच्या वर्गाला वाटले. आम्ही त्या वाटेवरच्या गावांची चित्रे जमवली. आधी नुसते चित्र पाहायचे. काय असेल ते ओळखायचे. मग माहिती मिळवून चित्राखाली ओळी लिहायच्या. त्यांतली पाच चित्रे इथे सांगतो.

चित्र पहिले : गुलाबाचे फूल

हे काशानकडचे चित्र आहे. वाळवंटाच्या कडेला गुलाब! काशानजवळ कमसर नावाचे गाव आहे. डोंगराच्या आश्रयाने तिथे गुलाबाच्या बागा होतात. वसंत ऋतूत लोक पहाटे फुले तोडतात. मोठ्या हंड्यात पाणी घालून ती शिजवतात. वाफ धरून थंड केली, की गुलाबपाणी होते.

गंमत पाहा. फारसी भाषेत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुल आणि आब मिळून गुलाब. आपण फुलाला गुलाब म्हणतो. तिथे गुलाब म्हणजे गुलाबपाणी. बाजार, दुकान, शहर, बंदर, बाग हे शब्दही आपल्याकडे फारसीतून आले. शब्दही प्रवास करतात.

चित्र दुसरे : वारुळांची रांग

हे चित्र उंचावरून काढलेले. उजाड जमिनीवर वारुळांसारखी वर्तुळे एका रांगेत लांबवर गेलेली दिसतात. "मुंग्यांनी एवढी सरळ रांग कशी केली?" एका आजींनी विचारले.

ही वारुळे नव्हेत. ही विहिरींची तोंडे. खाली जमिनीच्या पोटातून पाण्याचा बोगदा जातो. त्याला कनात म्हणतात.

यझ्दमध्ये वर्षाला सुमारे ६० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे चार बोटेही नाही. आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. यझ्दचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे आषाढात एका दिवसात पडून जातो. मग यझ्दचे लोक जगले कसे?

यझ्दजवळ शीरकूह नावाचा उंच डोंगर आहे. त्यावर हिवाळ्यात बर्फ पडते. ते वितळून पाणी जमिनीत मुरते. लोकांनी डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणली. पाणी लागले. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढला. बोगद्याला उतार अगदी थोडा. जास्त उतार दिला तर पाणी माती खरवडते. कमी दिला तर तुंबते. बोगद्यातली माती वर काढायला आणि आत हवा यायला ठिकठिकाणी उभ्या विहिरी पाडल्या. वर काढलेली माती तोंडाभोवती टाकली. तीच ही वारुळे!

पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने वाहत गावात येते. जमिनीखालून येते म्हणून उन्हाने आटत नाही. यझ्दजवळची झार्चची कनात ७० किलोमीटरांहून लांब आहे. रत्नागिरीहून निघालात तर संगमेश्वरच्याही पलीकडे जाल, एवढी. गोनाबाद गावच्या कनातीची मूळ विहीर तर ३०० मीटरांहून खोल आहे. इराणातल्या अशा ११ कनाती सन २०१६मध्ये जागतिक वारसा म्हणून निवडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, सन २०१७मध्ये, यझ्द शहरालाही तो मान मिळाला.

ही विद्या आपल्या महाराष्ट्रातही पोहोचली होती. मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून अशीच नहर आणली. तिला नहरे अंबरी म्हणतात.

चित्र तिसरे : घरावरचा मनोरा

घरे मातीची. भिंती जाड. आणि छपरावर उंच चौकोनी मनोरे. मनोऱ्याला उभ्या फटी. "चूल पेटवली की धूर जायला असेल," सगळे म्हणाले.

उलटेच निघाले. हे आतला धूर बाहेर सोडायला नाहीत, बाहेरचा वारा आत घ्यायला आहेत. ह्यांना बादगीर म्हणतात. 'बाद' म्हणजे वारा, 'गीर' म्हणजे धरणारा. उंचावरचा वारा फटींतून आत शिरतो आणि खाली खोलीत उतरतो. खाली पाण्याचा हौद असला, तर वारा त्यावरून जाऊन थंड होतो. वारा पडला, तर घरातली गरम हवा त्याच वाटेने वर निघून जाते. यझ्दच्या दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे.

चित्र चौथे : खाली जाणाऱ्या पायऱ्या

रस्त्याच्या कडेला कमान. कमानीतून अंधारात उतरणाऱ्या पायऱ्या. "तळघर," एक जण म्हणाला. तळघर खरेच, पण पाण्याचे. त्याला आबअंबार म्हणतात. 'आब' म्हणजे पाणी, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. 'अंबार' म्हणजे कोठार. किल्ल्यावरचा अंबारखाना आठवा.

जमिनीत मोठी टाकी. वर घुमट. काही ठिकाणी घुमटाभोवती बादगीर. हिवाळ्यात कनातीचे थंड पाणी भरून ठेवायचे आणि उन्हाळाभर पुरवायचे. लोक पायऱ्या उतरून तळाशी जात. तिथे तोटी असे. तोटीतून पाणी घेत. टाकीत कळशी बुडवायची नाही, हात घालायचा नाही.

काकी लगेच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोराने धाडलेल्या बर्केची ही मोठी बहीण."

अगदी बरोबर. बर्के पावसाच्या पाण्याने भरते, आबअंबार बहुधा कनातीच्या. पण दोघींचे काम एकच. पाणी आहे तेव्हा साठवायचे, झाकून ठेवायचे, नाही तेव्हा वापरायचे.

चित्र पाचवे : भोक पडलेली वाटी

तांब्याची एक वाटी. तिच्या तळाला बारीक भोक. "फुटकी वाटी कशाला ठेवलीय?" सगळे हसले.

ही वाटी म्हणजे घड्याळ. मोठ्या भांड्यात पाणी भरून त्यावर ही वाटी तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येते. वाटी भरली की बुडते. मग पुन्हा सोडायची. कनातीचे पाणी कोणाच्या शेताला किती वाट्या, हे ठरलेले असे. वाट्या मोजायला गावाने एक माणूस नेमलेला असे. त्याचा शब्द लोक मानत.

आमच्यातले एक भटजीकाका म्हणाले, "अहो, हे तर आपले घटिकापात्र! लग्नाचा मुहूर्त पाहायला पूर्वी हेच ठेवीत."

आपण मुहूर्त मोजला, त्यांनी पाणी मोजले.

आणखी एक ओळ लिहायला हवी

चित्रे पाहून झाली. तेव्हा एक तरुण म्हणाला, "गुरुजी, मग तिथे आता पाण्याचा त्रास नसेल."

तसे नाही. खरे तेच लिहिले पाहिजे. जिथे खोल विहिरी खणून पंप बसवले, तिथे जमिनीतले पाणी खाली गेले. पाणी खाली गेले की कनातीचा बोगदा कोरडा पडतो. इराणात अशा पुष्कळ कनाती सुकल्या. यझ्दलाही दूरच्या नदीचे पाणी नळाने आणावे लागले. शेकडो वर्षे चाललेली व्यवस्था पंपांनी थोड्या वर्षांत मोडली.

आपल्याकडे काय होते? आपला जांभा दगड चाळणीसारखा. सड्यावर पडलेला पाऊस पऱ्यांतून वाहतो आणि समुद्राला मिळतो. मुरलेले पाणीही झऱ्यांवाटे निघून जाते. श्रावणात पाणीच पाणी. चैत्र-वैशाखात हंडा घेऊन लांब जायचे. मग कोणी म्हणतो, बोअर मारा. बोअर एकाने मारली, दुसऱ्याने मारली, की शेजारची विहीर आटते. यझ्दच्या चित्राखालची ही शेवटची ओळ आपल्यालाही लागू आहे.

त्या वर्षी वर्गातल्या चार घरांनी छपराचे पाणी पन्हळीने टाकीत घ्यायचे ठरवले. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात छपराची घाण असते. पुढचे फडक्यातून गाळून घ्यायचे. टाकी झाकून ठेवायची, म्हणजे डास होत नाहीत. पिण्यासाठी ते पाणी उकळून घ्यायचे. हे सगळे त्या एका फोटोमुळे सुचले. आणि फोटोचा अर्थ कळला तो ओळींमुळे.

तुम्हीही लिहा

आपल्या जिल्ह्यातली किती माणसे बाहेर आहेत! कोणी मुंबईला, कोणी जहाजावर, कोणी आखाती देशांत. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात चहा घेतलेले चाकरमानी तर घरोघर आहेत. त्या हॉटेलवाल्यांपैकी पुष्कळांचे वाडवडील ह्याच यझ्दच्या बाजूने आले. चहा आपण प्यायलो, पण "तुमचे गाव कुठले?" असे किती जणांनी विचारले?

फोटो धाडताना खाली चार ओळी लिहा. त्या अशा :

पहिली ओळ : हे काय आहे? फोटोत कोण आहे?

दुसरी ओळ : हे कुठे आहे?

तिसरी ओळ : फोटो कधी काढला? दिवस, महिना, वर्ष लिहा.

चौथी ओळ : तुम्हाला काय नवल वाटले? हे कसे चालते?

चौथी ओळ सगळ्यांत मोलाची. ती लिहिण्यासाठी तिथल्या माणसाला विचारावे लागते. विचारले की ओळख होते. ठाऊक नसेल ते ठोकून देऊ नका. ऐकलेले असेल तर 'असे ऐकले' म्हणून लिहा.

दोन गोष्टी जपा. कोणाचा फोटो काढायचा तर आधी त्या माणसाला विचारा. आणि बंदरात, लष्करी जागी, सरकारी जागी बहुधा फोटोला मनाई असते. परक्या देशात तर हे फार सांभाळावे लागते.

घरी असलेल्या माणसांनीही लिहावे. बाहेर गेलेला माणूस नवे पाहतो, पण त्याचा जीव घरच्या बातमीकडे असतो.

काकींनी पुढे काय केले, ते सांगून धडा संपवतो. श्रावणात त्यांनी आपल्या वाडीच्या विहिरीचा फोटो काढवून घेतला. तो मुलाला पाठवला. ह्या वेळी पाटी घेतली नाही. वहीच्या पानावर शाईने लिहिले आणि त्या पानाचाही फोटो धाडला.

'ही आपली विहीर. आज काठोकाठ भरली आहे. वैशाखात तळ दिसत होता. पन्हळ लावली आहे, टाकी भरली. तू येशील तेव्हा हे पाणी पी. अक्षर माझंच आहे.'

तारीखही त्यांनी न विसरता घातली होती.

शब्दांचे अर्थ

खलाशी : जहाजावर काम करणारा माणूस
कनात : जमिनीखालचा पाण्याचा बोगदा (तंबूच्या कापडी भिंतीलाही आपण कनात म्हणतो, ती निराळी)
बादगीर : वारा धरणारा मनोरा
आबअंबार : जमिनीखालचे पाण्याचे कोठार
बर्के : पावसाच्या पाण्याची झाकलेली टाकी
टिपण : आठवणीसाठी थोडक्यात लिहिलेला मजकूर
घटिकापात्र : वेळ मोजायची भोकाची वाटी

प्रश्न

१. काकींच्या वर्गाला तो घुमट आधी काय वाटला? खरे काय होते?
२. निकितिन कोणत्या बंदराहून परत निघाला? ते कोणत्या नदीच्या मुखाशी आहे?
३. निकितिनने तारोमविषयी काय लिहिले? यझ्दविषयी काय राहून गेले?
४. कनातीत पंपाशिवाय पाणी गावापर्यंत कसे येते?
५. कनाती का सुकल्या? तुमच्या गावच्या विहिरीला तसेच होऊ शकेल का?

करून पहा

घरातला एक जुना फोटो घ्या. घरच्या मोठ्या माणसांना विचारा. फोटोत कोण, कुठे, कधी, ते कागदाच्या पट्टीवर लिहून फोटोच्या मागे ठेवा. हे आजच करा. सांगणारी माणसे आहेत, तोवर विचारून घ्या.